अमेरिकेहून आलेला फोन इथलं सिम घेत नाही? आधी लॉक ओळखा, मग काढा, मग विका

इथलं सिम टाकलं की पडद्यावर ‘सिम नॉट सपोर्टेड’. जिओ काढून एअरटेल घातलं, तरी तेच. सॅमसंग असेल तर ‘सिम नेटवर्क अनलॉक पिन’ मागणारी चौकट. वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, कॅमेरा सगळं झकास चालतं, फक्त फोन म्हणून तो फोन चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेतली मंडळी सुट्टीला येतात, जुना फोन आईबाबांना नाहीतर भाच्याला देऊन जातात आणि परतीच्या विमानात बसली की ही तक्रार सुरू होते. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

फोन बिघडलेला नसतो, तो तिथल्या मोबाइल कंपनीला बांधलेला असतो. भारतात आपण दुकानात पूर्ण पैसे मोजून फोन घेतो आणि सिम वेगळं घेतो, त्यामुळे ही भानगड आपल्या सवयीची नाही. अगदीच नव्हती असं नाही. रिलायन्सचे सीडीएमए फोन आठवत असतील, २००८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोननं आणलेला आयफोन थ्री-जी तसाच बांधलेला होता आणि जिओफोनमध्ये आजही दुसरं सिम चालत नाही. अमेरिकेत मात्र ही रोजची रीत आहे. फोन कंपनीकडूनच २४ किंवा ३६ महिन्यांच्या हप्त्यांवर मिळतो, किंवा प्रीपेडवर अगदी स्वस्तात मिळतो, आणि तेवढ्या काळात गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे पळू नये म्हणून फोनला लॉक असतं.

हे लॉक फोनच्या आत कुठेतरी बसलंय असं समजून लोक गल्लीतल्या मोबाइलवाल्याकडे ‘सॉफ्टवेअर मारायला’ नेतात. आयफोनच्या बाबतीत त्याचा काडीचाही उपयोग नाही. फोन बांधलेला आहे की मोकळा, ही नोंद त्याच्या आयएमईआय क्रमांकापुढे, म्हणजे त्या फोनच्या स्वतंत्र ओळखक्रमांकापुढे, अ‍ॅपलच्या सर्व्हरवर असते आणि ती मूळ मोबाइल कंपनीच्या सांगण्यावरूनच बदलते. फोन दहा वेळा रीसेट केलात तरी सुरू होताना तो पुन्हा तिथेच विचारायला जातो.

कोणतं लॉक आहे ते आधी ठरवा

‘फोन लॉक आहे’ या तीन शब्दांत लोक चार वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात. चारही एकत्र धरल्या की भलत्याच दारात चकरा सुरू होतात.

पहिलं, सिम लॉक. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउट उघडा आणि खाली ‘कॅरिअर लॉक’ अशी ओळ शोधा. ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलं असेल तर फोन मोकळा आहे, तुमची अडचण दुसरी आहे. ‘सिम लॉक्ड’ असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक कंपनीचा मेनू वेगळा, तेव्हा तिथे सरळ दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून बघणं हाच खात्रीचा उपाय.

दुसरं, खात्याचं लॉक. रीसेट केल्यावर फोन जुन्या मालकाचा अ‍ॅपल आयडी किंवा गुगल खातं मागतो. आयफोनमध्ये हे अ‍ॅक्टिव्हेशन लॉक २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर आलं, अँड्रॉइडमध्ये फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन २०१५ च्या सुमारास ५.१ आवृत्तीपासून. दोन्ही चोरांसाठी केलेली सोय. यात मोबाइल कंपनीचा काही संबंध नाही, ज्याचं खातं त्यानेच ते काढायचं.

तिसरं, नोकरीच्या ठिकाणचं लॉक. ऑफिसने दिलेला फोन नोकरी सोडल्यावर ‘राहू दे तुझ्याकडे’ म्हणून मिळालेला असतो, आणि रीसेट केल्यावर ‘हा फोन अमुक संस्थेच्या ताब्यात आहे’ अशी पाटी येते. ते त्या ऑफिसच्या आयटी विभागानेच सोडवायचं असतं. असा फोन विकायला काढूच नका.

चौथं, काळी यादी. फोन हरवल्याची वा चोरीची तक्रार झालेली असते किंवा हप्ते थकलेले असतात. अशा फोनचं सिम लॉक अमेरिकी कंपनी काढून देत नाही. हप्ते थकल्यामुळे असेल तर पैसे भरून मार्ग निघतो, चोरीचा असेल तर विषय संपला.

डायलरवर *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय दिसतो. तो कागदावर उतरवून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला तोच लागणार आहे.

लॉक काढायचा अधिकार एकाच ठिकाणी

ज्या कंपनीने फोन बांधला तीच तो सोडते आणि अटी पूर्ण असतील तर फुकट सोडते. फुकट हा शब्द मुद्दाम लिहिला, कारण याच कामाचे पैसे घेणारे पावलोपावली भेटतात. अमेरिकेत २०१३ च्या जानेवारीपासून कंपनीला न विचारता नवा फोन अनलॉक करणं बेकायदा ठरलं होतं. त्यावर व्हाइट हाउसकडे लाखाहून जास्त सह्यांचा अर्ज गेला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांनी अनलॉकिंगच्या कायद्यावर सही केली. पण कायद्याने परवानगी दिली म्हणून लॉक आपोआप सुटत नाही, अर्ज करावा लागतो.

एटी अँड टीची अट सर्वसाधारणपणे अशी: पोस्टपेड फोनचे सगळे पैसे भरलेले हवेत आणि फोन त्यांच्या नेटवर्कवर किमान ६० दिवस चालू राहिलेला हवा, प्रीपेडला सहा महिने. अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर करायचा. तुम्ही त्यांचे ग्राहक नसाल तरी चालतं, आयएमईआय पुरतो. अर्ज केल्यावर एक ईमेल येतो, त्यातल्या दुव्यावर २४ तासांच्या आत टिचकी मारावी लागते, नाहीतर अर्ज बाद. अर्ध्या लोकांचं घोडं इथेच पेंड खातं, कारण तो ईमेल स्पॅममध्ये पडलेला असतो आणि इथे आपली झोपायची वेळ असते.

टी-मोबाइलला पैसे पूर्ण भरलेले आणि पोस्टपेडवर ४० दिवस, प्रीपेडवर मात्र वर्षभर. काही अँड्रॉइड फोनमध्ये त्यांच्या अनलॉकची सोय सेटिंग्जमध्येच असते. पात्र असाल तर तिथूनच काम होतं, फक्त इंटरनेट चालू हवं.

व्हेरायझनचा कारभार काही वर्षं सगळ्यांत सुटसुटीत होता. २००८ च्या लिलावात घेतलेल्या स्पेक्ट्रमबरोबर फोन मोकळे ठेवायची अट त्यांच्या गळ्यात पडली होती आणि २०१९ पासून ६० दिवस झाले की लॉक आपोआप सुटायचं, हप्ते बाकी असले तरी. या अटीतून सुटका मिळावी म्हणून कंपनीने २०२५ मध्ये एफसीसीकडे, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाकडे, अर्ज केला. तेव्हा ‘अरे व्हेरायझनचा आहे, सुटला असेल’ असं ऐकीव माहितीवर धरून नवा फोन बॅगेत टाकू नका. अबाउटमधली ती ओळ बघा आणि मगच.

वॉलमार्टमधून सेलमध्ये घेतलेले प्रीपेड आयफोन हा वेगळाच पोटदुखीचा विषय. किंमत बघून लोक भाच्यांसाठी दोन-दोन उचलतात. ती किंमत लॉकमुळेच कमी असते. बरेच महिने पैसे भरून त्याच कंपनीची सेवा वापरल्याशिवाय तो फोन सुटत नाही, आणि डबा न फोडता थेट भारतात आणलेल्या फोनचा तो काळ सुरूच होत नाही. असा फोन घेऊ नका, घेतला असेल तर परतीची मुदत आहे तोवर परत करा.

इतर देशांतून आलेल्या फोनची काळजी तुलनेने कमी. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून फोन मोकळेच विकावे लागतात, जपानमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून. त्याआधीचा जुना फोन असेल तर मात्र तपासा.

ओटीपीचा घोळ

आता खरी मेख. अटी पूर्ण आहेत, पैसे भरलेत, तरी महिनोन्महिने काम अडतं ते या एका गोष्टीपाशी. शेजारच्या काकूंकडे गेल्या खेपेला हाच प्रकार होता. मुलाने जुना आयफोन दिला, स्वतः नवा घेतला आणि नवा घेताना कंपनीच बदलली. आता जुन्या कंपनीच्या खात्यात शिरायचं तर ओटीपी जुन्या खात्यावरच्या नंबरवर. नंबर कुणाचा? सुनेचा, जो बंद केला. खातं कुणाच्या नावावर? फॅमिली प्लॅन होता, तो मुलाच्या मित्राच्या नावावर. मित्र कुठे? तो बदलून टेक्सासला. काकू म्हणाल्या, “अरे, एवढी नाती जुळवून एखादं लग्न ठरलं असतं.”

काम झालं, पण कसं ते बघा. मित्राला फोन करून त्यालाच खातेदार म्हणून कंपनीच्या चॅटवर बसवलं. त्याने आयएमईआय दिला, त्या फोनवर बाकी शून्य आहे हे कंपनीने तपासलं आणि अर्ज घेतला. खातेदार बोलला की काम सरकतं. आपण इथून मुलाच्या नावाने कितीही गोड बोललो तरी ते ऐकत नाहीत, आणि ऐकूही नये.

त्यामुळे निघण्यापूर्वी अमेरिकेतच करायच्या गोष्टी: हप्ते संपले का ते बिलावर बघा. बिलात दर महिन्याला सूट वजा होत असेल तर मध्येच सगळे पैसे भरल्यावर उरलेली सूट बहुधा जाते, तो हिशोब आधी मांडा. अनलॉकचा अर्ज करा, उत्तर येईपर्यंत लाइन बंद करू नका. ‘आधी नंबर बंद केला, मग अर्ज केला’ हा क्रम सगळ्यांत महागात पडतो.

फोन इथे आलाच आहे पण तिकडचा नंबर अजून जिवंत आहे, तर एक सोपी वाट आहे. अमेरिकी सिम त्याच फोनमध्ये राहू द्या, वायफाय जोडा आणि वायफाय कॉलिंग चालू करा. पुण्यात बसून ओटीपी येतो. मात्र वायफाय कॉलिंग पहिल्यांदा चालू करताना तिथला पत्ता भरावा लागतो आणि कधी कधी तिथलं नेटवर्कही लागतं, म्हणून ते निघण्यापूर्वीच चालू करून ठेवलेलं बरं.

कंपनी म्हणते सुटलं, फोन म्हणतो नाही

मंजुरीचा ईमेल आला, सिम टाकलं, तरी तोच संदेश. घाबरायचं कारण नाही. आयफोनला नवी नोंद अजून कळलेली नसते. वायफाय जोडून दुसऱ्या कंपनीचं सिम टाका आणि फोन बंद करून चालू करा. नाही झालं तर बॅकअप घ्या, सगळं पुसा आणि नव्याने सुरू करा. सुरू होताना तो सर्व्हरला विचारतो आणि मोकळा होतो. त्यानंतरही अबाउटमध्ये ‘सिम लॉक्ड’च असेल तर अर्जातला आयएमईआय चुकला का बघा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, अर्जात पहिला द्यायचा.

सॅमसंगसारख्या काही फोनला कंपनी ईमेलने कोड पाठवते. तो दुसऱ्या कंपनीचं सिम टाकल्यावर येणाऱ्या चौकटीत टाकायचा. अंदाजपंचे आकडे टाकून बघू नका. ठरावीक वेळा चुकलं की ती चौकटच गोठते आणि मग नुसत्या कोडने भागत नाही.

फोन मोकळा झाला, इंटरनेट चालतं, पण जिओवर फोन लागत नाही, अशी एक वेगळी तक्रार असते. ती लॉकची नव्हे. जिओकडे टू-जी, थ्री-जी नाहीच, तिथे आवाजही फोर-जी-फाइव्ह-जीवरूनच जातो, म्हणजे व्होल्टे लागतं. अमेरिकी कंपनीचं सॉफ्टवेअर असलेल्या जुन्या अँड्रॉइडमध्ये इथल्या व्होल्टेची सोय नसली की आवाज जात नाही. फोन अद्ययावत करून बघा, नाही जमलं तर एअरटेलचं सिम टाकून बघा.

आणि आयफोन १४ पासून पुढचे अमेरिकी आयफोन असतील तर ट्रे शोधत बसू नका. त्यांना सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम. लॉक असेल तर ई-सिमही अडतंच. मोकळा असेल तर जिओ, एअरटेल, व्हीआय तिघांकडेही ई-सिम मिळतं. त्यासाठी ३२ आकडी ईआयडी, म्हणजे ई-सिमचा ओळखक्रमांक, लागतो, तोही अबाउटमध्येच आहे.

चिप आणि ‘आयएमईआय पाठवा’वाले

वापरलेला आयफोन विकत घेत असाल तर हा भाग नीट वाचा. दुकानदार सांगतो, ‘साहेब, पूर्ण अनलॉक आहे, तुमचंच सिम टाकून बघा.’ टाकतो, चालतं. मग पिन घेऊन ट्रे बाहेर काढा. सिम उचललं की त्याखाली नखाएवढी, कागदाइतकी पातळ, सोनेरी बिंदूंची पट्टी चिकटलेली दिसली तर ती आर-सिमसारखी चिप आहे. फोनला वाटतं आपल्याच कंपनीचं सिम आहे, म्हणून तो चालतो. अबाउटमध्ये मात्र ‘सिम लॉक्ड’ तसंच असतं, तिथे चिपची मात्रा चालत नाही. अपडेट आला किंवा रीसेट झाला की नेटवर्क गायब, आणि दुकानदार म्हणतो, ‘तुम्ही अपडेट का केलंत?’ हा फोन लॉक असलेल्या फोनच्या किमतीतच घ्यायचा, नाहीतर तिथेच सोडायचा.

आयएमईआय पाठवा, डॉलर पाठवा, लॉक सुटेल, असं सांगणाऱ्या संकेतस्थळांपैकी काही निव्वळ टोपी घालतात. काहींचं काम होतंही, आणि ते कसं होतं ते अमेरिकी न्यायालयांत बाहेर आलं आहे. एटी अँड टीच्या वॉशिंग्टन राज्यातल्या कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांना लाच देऊन, पुढे त्यांच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर घालून जवळजवळ १९ लाख फोन सोडवणाऱ्या माणसाला २०२१ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. कंपनीचं नुकसान २० कोटी डॉलरहून जास्त. २०२२ मध्ये टी-मोबाइलच्या एका माजी दुकानचालकाला १० वर्षं झाली, त्याने कर्मचाऱ्यांचे पासवर्ड चोरून हाच धंदा केला होता. आपल्या जुन्या फोनसाठी या साखळीत शिरण्यात काही शहाणपणा नाही.

आयएमईआयच बदलून देतो म्हणणारा भेटला तर तिथून उठा. भारतात दूरसंचार कायदा २०२३ नुसार तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता विकायचं

क्रम असा: पैसे फेडा, लॉक काढा, मोकळा झाल्याची खूण पडद्यावर दिसते त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, मग खाती काढा, मग पुसा. पुसणं शेवटी. खाती न काढता रीसेट केलात तर दुसरं लॉक, म्हणजे खात्याचं, तुम्हीच लावून दिलंत.

आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करून अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडा, घड्याळ जोडलेलं असेल तर सोडवा, ई-सिम काढा. अँड्रॉइडवर गुगल खातं आणि सॅमसंगचं खातं, दोन्ही काढा. त्याआधी यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप्स नव्या फोनवर चालू झाली का ते बघा, आणि ऑथेंटिकेटरमधले, म्हणजे लॉगिनचे कोड देणाऱ्या अ‍ॅपमधले, कोड हलवायला विसरू नका. ते राहिले तर ऑफिसच्या ईमेलपासून सगळीकडे दार बंद होतं.

कुठे विकायचं? लॉक सुटत नसेल तर तिकडेच, त्याच कंपनीच्या ग्राहकाला. स्वॅपा किंवा ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांवर ‘अमुक कंपनीला लॉक’ असं स्पष्ट लिहा. भाव कमी येतो, पण येतो. भारतात त्या फोनला जवळजवळ सुट्या भागांची किंमत मिळते. हप्ते चालू असताना ‘मी भरत राहीन’ म्हणून विकू नका. काही महिन्यांनी हप्ता चुकला तर फोन काळ्या यादीत जाईल आणि घेणारा तुम्हाला शोधत येईल.

लॉक सुटलेला फोन भारतात ओएलएक्सवर, कॅशिफायवर, नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास किंवा मुंबईत मनीष मार्केटकडे विकता येतो. अमेरिकी आयफोनच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी एलएल/ए असतं, भारतीय फोनच्या एचएन/ए. दुकानदार पहिल्यांदा तेच बघतो आणि फक्त ई-सिमचा असेल तर भाव पाडतो. त्याचंही बरोबर आहे, कारण सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकायची सवय असलेलं गिऱ्हाईक असा फोन घेत नाही. म्हणून हे जाहिरातीतच सांगा, भेटीच्या वेळी सांगू नका.

घेणाऱ्याला सांगा, इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठव. २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरही तेच तपासता येतं. समोरच्याने मागण्याआधी आपणच दाखवलं की घासाघीस कमी होते. कागदावर आयएमईआय, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. उद्या तो फोन भलत्या प्रकरणात सापडला तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी हवं.

विकल्यावर दोन दिवसांनी ‘फोन तुमचा अ‍ॅपल आयडी मागतोय, पासवर्ड सांगा’ असा फोन आला तर पासवर्ड सांगायचा नाही. तुमच्या संगणकावरून आयक्लाउडच्या ‘फाइंड डिव्हाइसेस’मध्ये जा, तो फोन निवडा, पुसलेला नसेल तर पुसा आणि मग खात्यातून काढून टाका. घेणाऱ्याला म्हणा, आता बंद करून पुन्हा चालू कर.